रामायण (दूरचित्रवाणी मालिका)

रामानंद सागर (१९१७–२००५) यांनी निर्मिलेली व दिग्दर्शित केलेली आणि दूरदर्शनच्या राष्ट्रीय जाळ्यावरून २५ जानेवारी १९८७ ते ३१ जुलै १९८८ या काळात दर रविवारी सकाळी प्रक्षेपित झालेली हिंदी मालिका. तिचे एकूण ७८ भाग होते. रामावताराच्या पूर्वपीठिकेपासून रामाच्या राज्याभिषेकापर्यंतचे कथानक तीत आले आहे. राज्याभिषेकानंतरचा सीतात्यागाचा व लव-कुशांचा वृत्तांत प्रेक्षकांच्या मागणीमुळे १९८८-८९ मध्ये एका स्वतंत्र पुरवणी मालिकेच्या रूपाने दाखविण्यात आला. एखादे महाकाव्य क्रमशः व सविस्तर सादर करण्याचा भारतीय दूरचित्रवाणीवरील हा पहिला मोठा प्रयत्न होय. सणावारी गावोगाव निरनिराळ्या रीतींनी सांगितली जाणारी कथा या मालिकेमुळे देशभर एकाच वेळी व एकाच रूपात पाहिली गेली. त्यामुळे ही कथा कोणाची, ती कोठे सुरू होते व कोठे संपते, हे प्रश्नही प्रथमच सार्वजनिक वादाचे विषय झाले. मालिकेचे ऐतिहासिक महत्त्व प्रामुख्याने यात आहे.

सणांची कथा : रामकथा ही भारतीय सणांशी निगडित असलेली प्रमुख कथा आहे. चैत्र शुद्ध नवमीस रामजन्म, आश्विन शुद्ध दशमीस रावणवध आणि दिवाळीत रामाचे अयोध्येस पुनरागमन, असा तिचा पंचांगाशी मेळ लोकमानसाने घातला आहे. उत्तर भारतात दसऱ्यापूर्वी होणाऱ्या रामलीलेत ही कथा क्रमशः साभिनय दाखविली जाते. वाराणसीजवळील रामनगरची रामलीला सुमारे महिनाभर चालते. पाश्चात्त्य देशांतही सणाशी निगडित कथा दूरचित्रवाणीने आरंभीच हाती घेतल्या. चार्ल्स डिकिन्स या इंग्रज कादंबरीकाराच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ (१८४३) या नाताळकथेची दूरचित्रवाणी रूपांतरे अमेरिकेत १९४० नंतरच्या दशकातच झाली. ठरावीक दिवशी कुटुंबाने एकत्र बसून परिचित कथा पुन्हा अनुभवावी, ही सणाची रीत या माध्यमास स्वभावतःच अनुकूल ठरते. तथापि डिकिन्सची कथा एका ज्ञात लेखकाची व एका निश्चित संहितेची आहे. रामकथेस वाल्मीकींचे आदिकाव्य असले, तरी तिच्या भाषागणिक, पंथागणिक व प्रदेशागणिक स्वतंत्र संहिता आहेत. दूरचित्रवाणीसाठी तिचे रूपांतर करणाऱ्यास त्यांतील काहींची निवड करणे व काही वगळणे अपरिहार्य होते.

मराठी परंपरा : महाराष्ट्रात रामकथेचा प्रसार मुख्यतः ग्रंथपठण, कीर्तन आणि लोकनाट्य यांतून झाला. संत एकनाथांचे (१५३३–९९) ‘भावार्थ रामायण’ हा तिचा मराठीतील आद्य विस्तृत ग्रंथ होय. एकनाथांच्या हातून युद्धकांडाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायापर्यंतचा भाग पूर्ण झाला व पुढील भाग त्यांचा शिष्य गावबा याने रचला, असे परंपरा मानते. म्हणजे मराठीतील या ग्रंथातही उत्तरकांड हे दुसऱ्या हातचे आहे. श्रीधरांचा ‘रामविजय’ (१७०३) हा ग्रंथ घरोघरच्या पोथीवाचनामुळे सर्वाधिक लोकप्रिय झाला, तर मोरोपंतांनी रचनेचे नाना प्रकार योजून शंभरावर रामायणे लिहिली. कोकणातील दशावतारी खेळ, पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेतील चित्रमालिका, ठाणे-नाशिक भागांतील मुखवट्यांचे बोहाडे या सर्वांत रामकथेतील प्रसंग येतात.

यांखेरीज रामकथेची एक स्वतंत्र स्त्री-परंपरा जात्यावरील ओव्यांमध्ये आढळते. या ओव्यांचा भर रामाच्या पराक्रमापेक्षा सीतेच्या वनवासावर, विशेषतः तिच्या दुसऱ्या वनवासावर आहे. सीतेने रावणाच्या पायाच्या अंगठ्याचे चित्र काढले व कैकेयीने ते पूर्ण करून रामाच्या मनात संशय निर्माण केला, अशी कथा लोकपरंपरेत प्रचलित आहे. वाल्मीकींच्या काव्यात ती नाही. सरोजिनी बाबर, तसेच गी पॉइटव्हिन व हेमा राइरकर यांच्या संकलनकार्यामुळे हे ओवीवाङ्मय मोठ्या प्रमाणावर लिखित स्वरूपात उपलब्ध झाले. तारा भवाळकर यांनी ‘सीतायन’ या ग्रंथात सीताविषयक लोकपरंपरेचा स्वतंत्र विचार केला आहे.

गीतरामायण : प्रक्षेपण माध्यमातून रामकथा क्रमशः सादर करण्याचा मराठीतील पूर्वीचा प्रयोग म्हणजे आकाशवाणीच्या पुणे केंद्राने सादर केलेले ‘गीतरामायण’. कवी ग. दि. माडगूळकर, संगीतकार सुधीर फडके व केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांच्या सहकार्यातून ते साकार झाले. १ एप्रिल १९५५ रोजी रामनवमीस त्याचा आरंभ झाला आणि दर आठवड्यास एक याप्रमाणे पुढील रामनवमीपर्यंत, म्हणजे १९ एप्रिल १९५६ पर्यंत, ५६ गीते प्रसारित झाली. त्या वर्षी अधिकमास आल्याने गीतांची संख्या बावन्नाऐवजी छप्पन्न झाली. गीतांच्या वेळी रेडिओची पूजा करणे, त्यास हार घालणे, शेजाऱ्यांनी एकत्र जमून श्रवण करणे या गोष्टी तेव्हाही घडल्या. बत्तीस वर्षांनी दूरचित्रवाणी संचाच्या बाबतीत ज्या प्रकारांचे नवल वाटले, त्यांचा पूर्वानुभव महाराष्ट्रास अशा रीतीने होता.

दोन्ही प्रयोगांतील भेद मात्र लक्षणीय आहे. ‘गीतरामायण’ रामनवमीस सुरू होऊन रामनवमीस संपले. त्याचे वेळापत्रक पंचांगावरून ठरले होते. शिवाय लव-कुश प्रत्यक्ष रामासमोर रामचरित्र गात आहेत, अशी त्याची चौकट आहे. वनात वाढलेल्या मुलांच्या मुखातून कथा ऐकावयाची असल्याने सीतेचा त्याग श्रोत्याच्या मनात आरंभापासूनच उपस्थित असतो. दूरदर्शनच्या मालिकेने ही चौकट स्वीकारली नाही.

दूरदर्शनची पार्श्वभूमी : भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रक्षेपण दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले. मुंबई केंद्राचे उद्‌घाटन २ ऑक्टोबर १९७२ रोजी झाले. उपग्रहाद्वारे ग्रामीण भागांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा ‘साइट’ प्रयोग १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत झाला. त्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळे करण्यात आले. १५ ऑगस्ट १९८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम व रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. इन्सॅट-१ बी हा उपग्रह १९८३ मध्ये अवकाशात सोडण्यात आला. १९८४ मध्ये काही महिने रोज सरासरी एक या गतीने लहान प्रक्षेपक उभारले गेले. त्यामुळे मोठ्या शहरांपुरते मर्यादित असलेले हे माध्यम जिल्ह्यांच्या व तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचले.

या विस्तारामागील घोषित उद्दिष्ट विकास व शिक्षण हे होते. ‘हम लोग’ (१९८४-८५) या पहिल्या दीर्घ कौटुंबिक मालिकेची योजनाही लोकशिक्षणाच्या हेतूने झाली होती. तिच्या यशामुळे प्रायोजित मालिकांचे युग सुरू झाले. शासकीय माध्यमाने धार्मिक स्वरूपाची कथा दाखवावी की नाही, याविषयी मात्र दुमत होते. १९८५ च्या सुमारास माहिती व नभोवाणी मंत्रालयाचे सचिव एस. एस. गिल यांनी रामायण व महाभारत या महाकाव्यांवर मालिका व्हाव्यात, यासाठी पुढाकार घेतला. रामायण ही केवळ धर्मकथा नसून भारतीयांच्या सामाईक सांस्कृतिक वारशाचा भाग आहे, अशी या निर्णयाची भूमिका होती.

निर्मिती : रामानंद सागर यांचा जन्म लाहोरजवळील असल गुरुके येथे झाला. फाळणीच्या अनुभवावरील ‘और इन्सान मर गया’ या कादंबरीचे लेखक म्हणून त्यांना प्रथम प्रसिद्धी मिळाली. ‘बरसात’ (१९४९) या चित्रपटाची कथा त्यांची होती. पुढे ‘घूँघट’ (१९६०), ‘आरजू’ (१९६५), ‘आँखें’ (१९६८) इ. चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केले. दूरदर्शनसाठी त्यांनी प्रथम ‘विक्रम और बेताल’ ही मालिका काढली. तीतील अरुण गोविल, दीपिका चिखलिया व सुनील लहरी हे कलावंत पुढे अनुक्रमे राम, सीता व लक्ष्मण यांच्या भूमिकांत आले.

मालिकेचे चित्रीकरण महाराष्ट्राच्या सीमेलगत गुजरातेतील उंबरगाव येथे झाले. आरंभी ५२ भागांना मान्यता होती. लोकप्रियतेमुळे ती वेळोवेळी वाढवून ७८ भागांपर्यंत नेण्यात आली. संगीत रवींद्र जैन यांचे होते. निवेदनात व संवादांत तुलसीदासांच्या दोहे-चौपायांची योजना मोठ्या प्रमाणावर होती.

कथेस चित्ररूप देण्याची रीत मराठी मातीतील मूक चित्रपटांपासूनच रूढ झाली होती. दादासाहेब फाळके यांच्या ‘लंकादहन’ (१९१७) या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. विजय भट्ट यांचा ‘रामराज्य’ (१९४३) हा चित्रपट हिंदीप्रमाणेच मराठीतही निघाला. त्यात शोभना समर्थ सीतेच्या भूमिकेत होत्या व कथानक उत्तरकांडाचे होते. सागर यांनी या पौराणिक चित्रपटांतील वेशभूषा, चमत्कारदृश्ये व संथ भाषणशैली उचलली. परंतु चित्रपटाच्या तीन तासांऐवजी दीड वर्षाचा अवधी हाती असल्याने एकेका प्रसंगास त्यांना अनेक भाग देता आले. पात्रांच्या चेहऱ्यांवर दीर्घकाळ स्थिरावणारी निकटदृश्ये हे मालिकेचे वैशिष्ट्य होते. समीक्षकांनी या संथपणावर टीका केली. सामान्य प्रेक्षकास मात्र त्यात देवदर्शनाचा लाभ होत होता.

मराठी कलावंतांचा वाटा : मालिका हिंदी असली, तरी अयोध्येच्या राजकुळातील अनेक भूमिका मराठी कलावंतांनी केल्या होत्या. दशरथाच्या भूमिकेत बाळ धुरी व कौसल्येच्या भूमिकेत त्यांच्या पत्नी जयश्री गडकर होत्या. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) व इतर तमाशाप्रधान चित्रपटांनी लोकप्रिय झालेल्या जयश्री गडकर यांना या भूमिकेमुळे मराठीबाहेरही नवी ओळख मिळाली. मंथरेची भूमिका ललिता पवार (१९१६–९८) यांनी केली. त्या मूळच्या नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या. भरताच्या भूमिकेत संजय जोग, तर वसिष्ठांच्या भूमिकेत सुधीर दळवी होते. अन्य भूमिकांपैकी दारासिंग (हनुमान), अरविंद त्रिवेदी (रावण), पद्मा खन्ना (कैकेयी) व विजय अरोरा (इंद्रजित) यांच्या भूमिका उल्लेखनीय आहेत. दारासिंग यांनी ‘बजरंगबली’ (१९७६) या चित्रपटातही हनुमानाची भूमिका केली होती.

आधारग्रंथ व संहिता : मालिकेच्या श्रेयनामावलीत वाल्मीकी व तुलसीदास यांच्याबरोबर कंबन, कृत्तिवास, रंगनाथ इत्यादींच्या प्रादेशिक रामायणांचा व मराठी ‘भावार्थ रामायणा’चाही निर्देश होता. सर्व प्रांतांची कथा एकत्र आणल्याचा दावा त्यातून सूचित होत असे. प्रत्यक्षात कथेची घडण व तिचा भाव मुख्यतः तुलसीदासांच्या ‘रामचरितमानसा’चा आहे. सीतेच्या अग्निपरीक्षेचा प्रसंग याचे चांगले उदाहरण होय. वाल्मीकींच्या काव्यात राम सीतेस कठोर शब्दांत दूर लोटतो व ती स्वतः अग्निप्रवेश करते. ‘मानसा’त खरी सीता हरणापूर्वीच अग्नीच्या स्वाधीन केलेली असून रावणाने नेली ती छायासीता होय, अशी योजना आहे. मालिकेने ही योजना स्वीकारली. मात्र तिचा उलगडा अग्निपरीक्षेच्या वेळीच केला. त्यामुळे रामाच्या वर्तनावरील आक्षेप सौम्य झाला. तथापि सीतेच्या पावित्र्याची परीक्षा का घ्यावी, या मूळ प्रश्नास छायासीतेच्या कल्पनेने उत्तर मिळत नाही, हेही पुढील चर्चेत दाखविले गेले.

प्रक्षेपण व प्रेक्षक : मालिका रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास दाखविली जाई. त्या वेळी रस्ते ओस पडत, दुकाने उशिरा उघडत व विवाहादी समारंभांच्या वेळा मागेपुढे केल्या जात. प्रेक्षक स्नान करून, पादत्राणे बाहेर काढून संचासमोर बसत. अनेक ठिकाणी संचास हार घालून उदबत्ती लावली जाई. वीज गेल्यास लोकांचा संताप अनावर होई, अशा बातम्या वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाल्या. तत्कालीन अंदाजांनुसार उत्तर काळात दर भागाची प्रेक्षकसंख्या आठ ते दहा कोटींपर्यंत गेली होती. ज्यांच्या घरी संच होता, त्यांचे घर त्या वेळेपुरते सार्वजनिक होई. खेड्यांत एका संचासमोर संपूर्ण आळी जमे.

विदर्भातील बाभुळगावासारख्या तालुक्याच्या गावी या बदलाचा अर्थ अधिक स्पष्टपणे ध्यानात येतो. बाभुळगाव हे यवतमाळ जिल्ह्याच्या उत्तर भागातील, बेंबळा नदीच्या परिसरातील तालुक्याचे ठिकाण असून सभोवतालचा प्रदेश कापूस पिकविणारा आहे. अशा प्रदेशात कथा-कीर्तने, सप्ताह व उत्सव यांचे वेळापत्रक शेतीच्या हंगामाशी जुळवलेले असते. रामजन्माचा उत्सव रब्बीची पिके निघाल्यावर येतो. दसऱ्यास आपट्याचे सोने लुटले जाते, ते खरिपाची पिके हाती येऊ लागण्याच्या सुमारास. मालिकेचा कालक्रम मात्र प्रक्षेपणाच्या सोयीने ठरला. तिच्या काळात दोन रामनवम्या व एक दसरा-दिवाळी येऊन गेली; पण कथेतील प्रसंगांचा या तिथींशी मेळ नव्हता. रावणवध व राज्याभिषेक हे शेवटच्या भागांत, म्हणजे १९८८ च्या पावसाळ्यात, निंदण-डवरणीच्या दिवसांत दाखविले गेले. सणाची कथा अशा रीतीने सणापासून सुटी झाली आणि ‘रविवार सकाळ’ हाच तिचा नवा सण झाला. कथेकरी बुवांना श्रोत्यांचा कल पाहून आख्यान लांबविता वा आटोपता येते, स्थानिक संदर्भ घालता येतात, शंका विचारणाऱ्यास उत्तर देता येते. संचासमोरील श्रोत्यास कथनात असा हस्तक्षेप करण्यास वाव नव्हता.

उत्तरकांडाचा प्रश्न : तो वाव लोकांनी दुसऱ्या मार्गाने मिळविला. मालिका राज्याभिषेकाशी संपविण्याचा निर्णय सागर यांनी घेतला होता. त्यास ग्रंथाधार होता. कारण उत्तरकांड प्रक्षिप्त आहे, असे अनेक अभ्यासक मानतात व तुलसीदासांच्या ‘मानसा’तही सीतात्यागाची कथा येत नाही. तथापि त्यामुळे वाल्मीकींचा आश्रम, लव-कुशांचा जन्म व त्यांनी केलेले रामायणगान हा संपूर्ण भाग वगळला जात होता. उत्तर भारतातील सफाई कामगारांत मोठ्या संख्येने असलेला वाल्मीकी समाज आदिकवी वाल्मीकींस आपले गुरू व आराध्य मानतो. ज्याने रामायण रचले, त्याचेच कार्य मालिकेत येणार नाही, ही गोष्ट या समाजास अन्यायाची वाटली. १९८८ मध्ये पंजाबातील जालंदर येथील सफाई कामगारांनी उत्तरकांड दाखविण्याच्या मागणीसाठी काम थांबविले व हा संप इतर शहरांतही पसरला. रस्त्यांवर कचरा साचून सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न उभा राहिला. अखेर शासनाने मागणी मान्य करून पुढील भागांना संमती दिली.

या संपाचे महत्त्व दुहेरी आहे. मनोरंजनाच्या कार्यक्रमातील कथानकासाठी श्रमिकांनी संप केल्याचे हे असाधारण उदाहरण आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कथा ऐकणाऱ्यांचा तिच्यावर हक्क असतो व तिच्यातील आपले स्थान वगळले गेल्यास ते मागता येते, ही जुनी समजूत त्यातून नव्या माध्यमासमोर मांडली गेली. समाजाच्या उतरंडीत सर्वांत खाली ढकलल्या गेलेल्या लोकांनी ती मांडावी, यात विशेष अर्थ आहे.

‘लव-कुश’ किंवा ‘उत्तर रामायण’ या नावाने ओळखली जाणारी ही पुरवणी मालिका १९८८-८९ मध्ये प्रक्षेपित झाली. तीत कुशाच्या बालभूमिकेत पुढे मराठी चित्रपटांत नावारूपास आलेले स्वप्नील जोशी होते. सीतात्यागाच्या प्रसंगात सीता राजधर्माचा विचार करून स्वतःच अयोध्या सोडण्याचा निर्णय घेते, असे या मालिकेत दाखविले आहे. रामावरील दोषारोप टाळण्याचा छायासीतेच्या प्रसंगातील प्रयत्नच येथे वेगळ्या रीतीने पुढे चालविलेला दिसतो.

रावेरीचे सीतामंदिर : मालिका जेथे थांबली, तेथून सुरू होणारी एक स्थानिक रामकथा यवतमाळ जिल्ह्यातच जतन केली गेली आहे. राळेगाव तालुक्यातील रावेरी या गावी सीतेचे मंदिर असून त्यात तिच्याजवळ राम नाही. रामाने त्याग केल्यानंतर सीता येथील अरण्यात राहिली व येथेच लव-कुशांचा जन्म झाला, अशी गावची श्रद्धा आहे. बाळंत सीतेने गावात मूठभर गहू मागितले. ते कोणी दिले नाहीत. तेव्हा तिने या गावात गहू पिकणार नाही असा शाप दिला व त्यानंतर दीर्घकाळ तेथे गहू होत नसे, असे सांगितले जाते. गव्हाचे संकरित बियाणे आल्यावर तो पिकू लागला, अशी पुस्तीही या आख्यायिकेस जोडली जाते.

या कथेत राजधर्माचे समर्थन नाही, तसेच रामाचे विस्तृत निर्भर्त्सनही नाही. तिचा केंद्रबिंदू म्हणजे घराबाहेर काढलेली, हाती जमीन वा धान्य नसलेली स्त्री आणि तिला मूठभर धान्य नाकारणारे गाव. दोषाचा वाटा अयोध्येपुरता न ठेवता स्वतःच्या गावाकडेही घेणे, हे तिचे वैशिष्ट्य होय. शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी (१९३५–२०१५) यांनी या आख्यायिकेचा सामाजिक आशय ओळखला. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवड (जि. नासिक) येथे संघटनेचे मोठे महिला अधिवेशन झाले होते. पुढे शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग स्वेच्छेने पत्नीच्या नावे करावा, यासाठी ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहीम हाती घेण्यात आली. सीतेसारख्या स्त्रीवरही बेघर होण्याची पाळी आली, मग सामान्य शेतकरी स्त्रीची शाश्वती काय, असा युक्तिवाद मोहिमेच्या प्रचारात केला जाई. रावेरीच्या मंदिराच्या जीर्णोद्धारासाठीही जोशी यांनी पुढाकार घेतला. मधू किश्वर यांनी ‘मानुषी’ या नियतकालिकातील लेखात या मोहिमेची व सीतेविषयीच्या लोकभावनेची दखल घेतली आहे.

देशव्यापी मालिका व रावेरीची आख्यायिका ही एकाच दशकाच्या आगेमागे सार्वजनिक जीवनात प्रभावी ठरलेली रामकथेची दोन रूपे होत. पहिलीचा प्रेक्षक कोट्यवधींचा होता व तिची मांडणी आदर्श कुटुंबाची आणि आदर्श राज्याची होती. दुसरी काही गावांपुरती होती. पण तिच्या आधारे शेतजमिनीच्या सात-बारा उताऱ्यावर स्त्रियांची नावे चढली.

राजकीय व सामाजिक परिणाम : मालिकेच्या लोकप्रियतेचा उपयोग करण्याचा प्रयत्न निरनिराळ्या पक्षांनी केला. १९८८ च्या अलाहाबाद लोकसभा पोटनिवडणुकीत अरुण गोविल यांनी काँग्रेस पक्षाचा प्रचार केला. परंतु तेथे विश्वनाथ प्रताप सिंग विजयी झाले. १९९१ च्या लोकसभा निवडणुकीत दीपिका चिखलिया बडोद्यातून व अरविंद त्रिवेदी साबरकांठा मतदारसंघातून भारतीय जनता पक्षाच्या उमेदवारीवर निवडून आले. गोविल हे २०२४ मध्ये त्याच पक्षाचे उमेदवार म्हणून मेरठमधून लोकसभेवर गेले.

अयोध्येतील वादग्रस्त वास्तूचे कुलूप फेब्रुवारी १९८६ मध्ये, म्हणजे मालिकेपूर्वी सुमारे वर्षभर उघडण्यात आले होते. त्यानंतरच्या रामजन्मभूमी आंदोलनाशी व ६ डिसेंबर १९९२ च्या घटनेशी मालिकेचा संबंध किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. अरविंद राजगोपाल यांनी ‘पॉलिटिक्स आफ्टर टेलिव्हिजन’ (२००१) या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे, की मालिकेने आंदोलन निर्माण केले असे म्हणता येत नसले, तरी विखुरलेल्या प्रेक्षकांस एका सामाईक प्रतिमासृष्टीने जोडून तिने त्यास अनुकूल अशी भूमी तयार केली.

समीक्षा : इतिहासकार रोमिला थापर यांनी १९८९ मध्ये ‘सेमिनार’ या मासिकातील लेखात असा आक्षेप घेतला, की शासकीय माध्यमाने एकाच संहितेस राष्ट्रीय प्रतिष्ठा दिल्यास रामकथेची बौद्ध, जैन, आदिवासी व प्रादेशिक रूपे झाकोळली जातील. ए. के. रामानुजन यांनी रामकथेच्या बहुविधतेवर लिहिलेला प्रसिद्ध निबंधही याच काळातील आहे. याउलट अमेरिकन अभ्यासक फिलिप लुटगेनडॉर्फ यांनी १९९० मधील आपल्या लेखात मालिकेकडे रामलीला व कथावाचन यांच्या परंपरेतील एक नवे कथन म्हणून पाहिले. तिचा संथपणा, तिची निकटदृश्ये व तिचे पठण ही त्या परंपरेचीच अंगे असून पाश्चात्त्य नाट्यकल्पनांनी त्यांचे मूल्यमापन करणे योग्य नव्हे, असे त्यांचे मत आहे. मालिका परंपरेतूनच आली व तिच्या व्याप्तीमुळे परंपरेतील इतर कथनांवर तिची छाया पडली, असे दोन्ही मते एकत्र घेऊन म्हणता येते.

उत्तरकालीन प्रभाव : ‘रामायणा’पाठोपाठ बी. आर. चोप्रा यांची ‘महाभारत’ ही मालिका २ ऑक्टोबर १९८८ ते २४ जून १९९० या काळात ९४ भागांत प्रक्षेपित झाली. त्यानंतर पौराणिक मालिका हा दूरचित्रवाणीवरील स्थिर प्रकार बनला. मालिकेतील वेश, मुकुट व मुद्रा यांचे अनुकरण दिनदर्शिकांवरील चित्रांत, गणेशोत्सवातील देखाव्यांत व रामलीलांमध्ये होऊ लागले. कोविड-१९ च्या साथीमुळे देशभर टाळेबंदी असताना २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने ही मालिका रोज पुन्हा दाखविली. १६ एप्रिल २०२० च्या भागास ७.७ कोटी प्रेक्षक लाभल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. हा जागतिक विक्रम असल्याच्या त्याच्या दाव्यावर मात्र आक्षेप घेण्यात आले. या पुनःप्रक्षेपणात राज्याभिषेकानंतर लगेच ‘उत्तर रामायण’ दाखविण्यात आले व २ मे २०२० रोजी ते समाप्त झाले. मूळ योजनेत नसलेला व संपामुळे मिळालेला भाग अशा रीतीने मालिकेचाच स्वाभाविक शेवट म्हणून स्वीकारला गेला.

कलाकृती म्हणून मालिकेच्या उणिवा अनेक आहेत. तिच्यातील नेपथ्य व चमत्कारदृश्ये पुढील काळात जुनाट वाटू लागली आणि स्त्रीपात्रांचे चित्रण बहुशः आदर्शाच्या ठरीव चौकटीत राहिले. तथापि जनसंपर्काच्या इतिहासात तिचे स्थान निर्विवाद आहे. रामकथेस एकच रूप देण्याचे सामर्थ्य या माध्यमात आहे, हे तिने दाखविले. ते रूप अंतिम मानण्यास लोक तयार नसतात, हे जालंदरच्या सफाई कामगारांनी आपल्या संपाने सिद्ध केले आणि रावेरीच्या सीतामंदिराने आपल्या परीने त्यास साक्ष दिली.